बाळंतिणींची खोली

४ फेब्रुवारी

मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच फाडणार असशील, तर एवढं कर, आधी वाच आणि मग खुशाल फाड. मी तुझी काकू. तुझ्या आईने लिहायला लावलेलं नाही, काकांनी तर नाहीच. मी लिहायला बसलेय हे त्यांना माहीतही नाही. ते पलीकडे शर्टांना बटणं लावतायत.

तू घर सोडून गेलीस त्याला कित्येक वर्षं झाली. वाढदिवसाला मी कार्ड पाठवते, तू पोच देत नाहीस. मी रागावले होते, अजूनही आहे, पण आजचं काम वेगळं आहे. मला एकच विचारायचंय. आईच्या मागच्या खोलीत तू शेवटची कधी गेली होतीस?

थांब, असं नाही. नीट सांगते.

आज सकाळी मी लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी होते. समोर वकिलांचे पांढरे शर्ट. एकाच्या कॉलरवर टपकन पिवळं पाणी पडलं. वर बघते तर छताला ओला डाग, आणि तो सरकत सरकत स्विचबोर्डाकडे निघालेला. काकांनी धावत जाऊन मेन स्विच ओढला. ड्रम थांबला, ड्रायर थांबला, पंखे थांबले. आपलं घर इतकं गप्प मी या जन्मात ऐकलं नव्हतं. त्या ड्रमच्या खडखडाटात मी पहाटेपासून दिवे लागेपर्यंत असते, तुला माहीतच आहे. वरून नखांनी पत्रा खरवडल्यासारखा आवाज येत होता.

तुझी आई कोणालातरी कुत्र्याचं पिल्लू पोचवायला गेलेली. फोन उचलत नव्हती. पाणी वरच्या मजल्यावरच्या तिच्या मागच्या खोलीतून येत होतं, म्हणजे व्यालेल्या कुत्र्यांच्या, बाळंतिणींच्या खोलीतून. तिचा नियम तुला मी काय सांगणार. त्या खोलीत कोणी जायचं नाही, परक्याचा वास लागला की आया पिल्लांना जवळ घेत नाहीत. आम्ही तो नियम निमूट पाळला. ती टोपलीत घालून पिल्लं पुढच्या खोलीत आणायची, आम्ही ‘अय्या, किती गोड’ करायचो आणि चहा पिऊन खाली यायचो. सोफ्यावरची तिची ती लाडोबा कुत्री आमच्यावर भुंकायचीसुद्धा, अगदी खणखणीत.

किल्ल्यांचा जुना जुडगा माझ्याकडे होता. तोंडाने बडबड करत वर गेले आणि दार उघडलं.

आधी वास आला. मग मला माझेच रॅक दिसले. लाँड्रीतले ते जुने लोखंडी रॅक आठवतात? ‘ताई, सामान ठेवायला द्या’ म्हणून तुझ्या आईने नेले होते. त्यांना जाळ्या मारून पिंजरे केलेत. एकावर एक. वरच्या कुत्रीचं सगळं खालचीच्या अंगावर गळतं. प्रत्येक खणात एक आई, तीच मलईच्या रंगाची, लांब कानांची जात, जिच्या पिल्लांसाठी लोक मोठ्या गाड्या घेऊन आपल्या दारात उभे राहतात. या मात्र मळून राखी झालेल्या. पोटाची कातडी लोंबून जाळीला टेकलेली. एकीचा पाय जाळीत अडकून सुजला होता, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती, सवयीचं झाल्यासारखी.

मला बघून सगळ्या उठल्या. माना वर, अंगाला हिसके, तोंड उघडतंय, मिटतंय. भुंकत होत्या, मुंगे. जीव तोडून भुंकत होत्या आणि आवाज येत नव्हता. घशातून नुसती हवा येत होती, कोरड्या लोकरीवरून ब्रश फिरवल्यासारखी. मला वाटलं, माझे कान गेले. मी मूर्खासारखी टाळी वाजवून बघितली. टाळी ऐकू आली.

पाण्याचा कॉक फिरवला, दार ओढून घेतलं, खाली आले. काकांना म्हटलं, मिस्त्रीला बोलवा. तेवढंच बोलले.

या कुत्र्यांना झालंय काय? काही साथ असते का अशी, घसा बसण्याची? तू त्या घरात वाढलीस. तुला माहीत असेल तर मला लगेच कळव. साथच असू दे म्हणून मी दुपारपासून स्वतःला समजावतेय.

तुझी,
काकू


९ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघू शकले नाही. तुझी काकू वाट बघण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हती.

काल तुझ्या आईला विचारलं. ती स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती, पिल्लांच्या दुधाच्या.

“त्या मागच्या कुत्र्यांना काय झालंय?” मी विचारलं.

“कुठे काय?” मग माझ्याकडे नीट बघितलं तिने. “तुम्ही आत गेला होतात?”

“पाणी गळत होतं. त्यांना आवाज नाहीये.”

“हां, ते होय. डॉक्टरांनी काढलाय.”

दाढ काढली म्हणून सांगावं तशी म्हणाली. ती गॅस बारीक करून मला समजावायला लागली, मुलाला समजावतात तसं. “पाच मिनिटांचं काम असतं, ताई. इंजेक्शन देतात, तोंड उघडून धरायचं, आत कैची घालतात. दुसऱ्या दिवशी खायला लागतात. तुम्हाला ती सभा आठवते ना? सगळी गल्ली जमली होती. कुत्री पाळा, पण आवाज खपवून घेणार नाही म्हणाले. तुम्हीपण होतात. मी काय करायला हवं होतं? हे गेल्यावर मी कोणापुढे हात पसरला नाही. या बायांनीच मला पोसलं. लोकांना आवाज नको होता, मी तो बंद केला. आता सांगा, कोणाला त्रास आहे?”

“त्यांना,” मी म्हटलं.

तिला ते खरंच कळलं नाही, मुंगे. ‘कोणाला?’ असं तोंड केलं तिने. मग म्हणाली, “बघते काहीतरी, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका,” आणि मला चहा दिला. आणि मी तो प्यायले. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते, पण हातात कप आला आणि मी तो प्यायले, आणि उठताना ‘छान झालाय’ असंही म्हणाले.

तोच जनावरांचा डॉक्टर त्याचे पांढरे कोट टाकायला आज दुकानात आला. मी सरळ विचारलं, हे कायद्यात बसतं का? तो हसला. म्हणाला, “काकू, तुम्ही लोकांचे डाग काढा, मी लोकांच्या कटकटी काढतो. दोघांनी आपापलं काम करावं.” आणि वर, परवापर्यंत कोट मिळतील ना, असंही विचारून गेला. आणि मी त्याला पावती फाडून दिली. मी, मुंगे! जिच्या तोंडाला ही गल्ली घाबरते.

आता मुद्द्याचं सांगते. मी तक्रार केली. प्राण्यांच्या खात्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, नाव घालायचं की निनावी? मी म्हटलं, घाला. नाव, पत्ता, नातं, सगळं घाला.

तुझ्या आईविरुद्ध मी तक्रार केली हे वाक्य लिहिलं आणि पुन्हा वाचलं, ते माझंच आहे असं वाटत नाही. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला इस्त्री धरायला मी शिकवलं. तुझे बाबा गेले तेव्हा ती माझा हात धरून झोपायची. ती मला परकी असती तर मी आधी तिचे दात घशात घातले असते आणि मग फोन केला असता. काकांना अजून सांगितलं नाही. आज सांगते.

काकू


१५ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांनी दीड ओळ. पोस्टाला दया आली असेल.

‘काकू, हे तुला पहिल्यापासून माहीत होतं. ते टॉवेल तूच धूत होतीस.’

मी ते गिऱ्हाइकासमोरच उघडलं. समोरची बाई मला विचारत होती, साडीला फॉल लावून मिळेल का, आणि मी तिला म्हटलं, मला माहीत नव्हतं हो. ती बिचारी घाबरून गेली.

हे बघ. निळ्या चादरीचं गाठोडं यायचं वरून, त्यात टॉवेल असायचे, त्यांना रक्त लागलेलं असायचं. तुझी आई म्हणायची, आज एक व्याली. मी टॉवेल गार पाण्यात टाकायचे, मीठ चोळायचे, डाग गेला की ड्रममध्ये. लाँड्रीत बसणाऱ्या बाईने डाग काढायचा असतो, डागाबद्दल विचारायचं नसतं. हे मला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोणाच्या उशीवर काय असतं, कोणाच्या शर्टाला कोणती लाली असते, मी विचारत बसले असते तर या गल्लीत निम्मे संसार मोडले असते आणि आपलं दुकान तर आधी बुडालं असतं. मी विचारलं नाही. टॉवेलाच्या मधोमध छोटे छोटे डाग असायचे, आत्ता लिहिताना डोळ्यांपुढे येतायत. बाळंतपणाचे डाग असे नसतात. मीच कितीदा हाताने चोळलेत ते, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

म्हणजे इतकी वर्षं तू मला त्यांच्यात धरत होतीस? म्हणून कार्डांना उत्तर नाही? म्हणून निघालीस त्या दिवशी दुकानावरून गेलीस, मी हात केला आणि तू मान वळवलीस? मी समजत होते, मुलगी शिकली, शहाणी झाली, काकूच्या हाताला साबणाचा वास येतो म्हणून लाजते. मी तुला मनातल्या मनात काय काय बोलले असेन, ते तू न ऐकलेलं बरं.

अगं गाढवे, एकदा विचारायचं होतंस! दुकानात येऊन, टॉवेल माझ्या तोंडावर फेकून विचारायचं होतंस. मी तेव्हाच वर गेले असते. आपण दोघी मिळून गेलो असतो.

राग तुझ्यावर काढतेय हे मला कळतंय. तू शाळकरी होतीस आणि मी या घरातली मोठी सून. पण ज्याच्यावर काढायला हवा त्याच्यावर काढायला मी अजून धजत नाहीये, आणि पत्र लिहायला तूच आहेस.

मला माहीत नव्हतं. वाटलं तर विश्वास ठेव. मी शपथ घेत नाही, शपथा घेणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

काकू


२१ फेब्रुवारी

मुंगे,

खात्याची निरीक्षक काल येऊन गेली. तरुण पोरगी, बूट घातलेली, पाठीला पिशवी. मी तिला जिना दाखवला. तुझी आई वर उभी होती, केस नीट विंचरलेले, हसत. “या ना,” म्हणाली.

मागच्या खोलीचं दार सताड उघडं. भिंतींना नवा चुना. फिनेलचा वास. रॅक नाहीत, जाळ्या नाहीत. खिडकीत पडदा, जमिनीवर स्वच्छ गादी, गादीवर लाडोबा आणि दुसरी एक गुबगुबीत, आणि त्या दोघी त्या पोरीवर खणखणीत भुंकल्या. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होते. माझा चेहरा त्या वेळी कसा झाला असेल ते निरीक्षकाच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला माझी कीव आली होती.

“घरात वाटणीचा वगैरे काही वाद आहे का?” तिने हळूच विचारलं.

तुझ्या आईने नुसतं खाली बघितलं आणि बिस्किटांची बशी पुढे केली. त्यापेक्षा तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाली सगळी गल्ली जमली होती. बेकरीवाला मोठ्याने म्हणाला, “काय काकू, जावेचं बरं चाललेलं बघवत नाही वाटतं?” हसले सगळे. निवृत्त मुख्याध्यापक बाई, ज्यांना मी आजवर मान खाली घालून नमस्कार केला, त्या म्हणाल्या, “घरातली धुणी घरात धुवावीत. तुम्हाला तरी सांगायला नको.” मला हसू आलं असतं एरवी. जावाजावांचं भांडण! एवढ्या जिवांचे गळे कापले आणि या लोकांनी त्याचं जावाजावांचं भांडण करून टाकलं.

आता माझ्याशी कोणी बोलत नाही. कपडे मात्र टाकतात, कारण पुढची लाँड्री दोन बस बदलून आहे. गाठोडं काउंटरवर ठेवायचं, माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघायचं आणि जायचं.

कुत्र्या कुठे गेल्या ते मला समजत नाही. एवढ्या सगळ्या एका दिवसात कुठे जातील? मी मागचं अंगण बघितलं, गच्ची बघितली, कोळशाची जुनी खोली बघितली. हाक मारली तर त्या ओ देणार कशा, हे गच्चीवर उभी असताना माझ्या लक्षात आलं आणि मी तिथेच बसले. मारून टाकल्या असतील का गं? तुझी आई तेवढं करेल का? महिन्यापूर्वी मी ‘नाही’ म्हटलं असतं.

निरीक्षक येणार हे तिला कोणी सांगितलं, तेही मला माहीत नाही.

काकू


२५ फेब्रुवारी

मुंगे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. मला माहीत होतं. काकांनी सांगितलं. मी त्यांना तक्रारीचं बोलले, त्यांनी ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाले, आणि वर जाऊन तिला सांगितलं. मी विचारल्यावर लपवलंही नाही. “भावाच्या माघारी त्याच्या बायकोला मी धरून देऊ?” एवढंच. चांगला माणूस आहे गं. मुंगीला पाय लागू नये म्हणून बघून चालतो. पण मागची खोली त्याला बघायची नाही. मी म्हटलं, एकदा या माझ्याबरोबर, तर म्हणाले, तू सांगितलंस ना, पुरे. आमच्यात सध्या ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘झालं’ एवढंच संभाषण आहे.

आता कालचं सांगते.

मी गाठोडी सोडत होते. बेकरीचे एप्रन. एप्रनात मलईच्या रंगाचे केस. म्हटलं, आपल्याच दुकानातले लागले असतील. मग वकिलांच्या चादरी सोडल्या, त्यांनाही केस. पोस्टाजवळच्या जुळ्यांच्या घरची पायपुसणी, तोच वास. त्या खोलीतला वास, मुंगे, आता मी कशातही ओळखेन. या गल्लीत त्या सभेपासून तुझ्या आईशिवाय कोणाकडे कुत्रं नाही. मी एकेक गाठोडं सोडत गेले आणि सगळ्या जमिनीवर ढीग मांडून मधोमध उभी राहिले.

प्रत्येक घरात एकेक ठेवली होती. माझ्यावर हसणारी ती सगळी माणसं घरी कुत्र्या लपवून आली होती.

खोली बघितली तेव्हा बसला होता त्याहून मोठा धक्का बसला. तुझी आई एकटी चुकली असं मी धरून चालले होते. मी ड्रम चालू केला आणि त्या आवाजात खूप रडले.

दुपारी मुख्याध्यापक बाई आल्या. शालीखाली काहीतरी धरलेलं. दुकानात दुसरं कोणी नाही बघून त्यांनी शाल बाजूला केली. सुजलेल्या पायाची तीच. बाईंनी पायाला पट्टी बांधली होती, शाळेत मुलांना बांधायच्या तशी, फुली मारून.

“तुमची जाऊ म्हणाली, सरकारी लोक नेऊन मारून टाकतील,” बाई म्हणाल्या. “दोन दिवस ठेवा म्हणाली. पुण्याचं काम म्हणून ठेवली मी. सगळ्यांनी म्हणूनच ठेवल्या.”

मी समोरचे एप्रन मोजायला घेतले. बोलले असते तर काहीतरी भयंकर बोलले असते.

“आज पोस्टमन आला. ही उठून दाराशी धावली, तोंड उघडलं, अंग नुसतं हलत होतं. मला काही ऐकू येईना. मी कानातलं मशीन काढलं, सेल बदलले, परत घातलं. पोस्टमन म्हणाला, बाई, मलाही ऐकू येत नाहीये.” बाईंनी तिला काउंटरवर ठेवलं. “तुम्ही सांगत होतात ते हे?”

“हो.”

“मी धुण्याचं काय म्हणाले होते तुम्हाला?”

“जाऊ द्या,” मी म्हटलं.

“नाही जाऊ देणार. ही मी परत देणार नाही. आणि बाकीच्यांकडे मी जातेय, तुम्ही दुकान बंद करून माझ्याबरोबर या. त्यातले अर्धे माझ्या हाताखालून गेलेत, ते माझ्यासमोर खोटं बोलतात का बघू.”

आम्ही घरोघर गेलो. कोणीच खोटं बोललं नाही, बाईंची गरजच पडली नाही. बेकरीवाल्याची बायको आम्हाला बघताच म्हणाली, “ही ओरडते आणि आवाज येत नाही हो, मला भाकरीचा घास जात नाही.” बेकरीवाला मागे उभा होता, कणकेचे हात तसेच. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. वकिलांनी तर कुत्रीचं तोंड उघडून टॉर्चने आत बघितलं होतं, आणि तेव्हापासून ते ऑफिसला गेले नव्हते.

तुझ्या आईने त्या कुठे दूर नेऊन सोडल्या असत्या तर कोणाला काही कळलं नसतं. तिने त्या लोकांच्या घरात नेऊन ठेवल्या. तिला वाटलं, आवाज नाही, म्हणजे कोणाला काही कळायचं नाही.

तुझं दुसरं पत्र मघाशी आलं. वाचलं. पाय तू धरायचीस, हे वाचलं. शाळेतून आलीस की दप्तर ठेवून. ‘घट्ट धर, हलली तर जास्त कापलं जाईल,’ असं आई म्हणायची, हे वाचलं. मी यावर आज काही लिहू शकत नाही. पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलंय. तुझ्या हाताला चावल्याची खूण होती, दाराच्या फटीत हात सापडला म्हणून सांगायचीस, त्यावर मी हळद लावली होती.

काकू


३ मार्च

मुंगे,

त्यांना घेऊन गेले.

तीच निरीक्षक आली, या वेळी दोन गाड्या, एक पोलीस, दुसऱ्या गावचा डॉक्टर. गल्लीतल्या लोकांनी आपापल्या घरातून कुत्र्या आणून दिल्या. कोणी टॉवेलात, कोणी टोपलीत, बेकरीवाल्याने पावाच्या ट्रेमध्ये. आपल्या जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना सकाळीच बंद झाला, त्याचे या खेपेचे कोट माझ्याकडे पडून आहेत. जबाब झाले. बाईंचा, वकिलांचा, माझा. माझा सगळ्यात लांब झाला. तुझ्याबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही. निरीक्षकाने विचारलं, ऑपरेशन होताना कोणी बघितलं आहे का? मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. सांगितलंस तर तुझ्या आईला शिक्षा नक्की होईल आणि डॉक्टरलाही. नाही सांगितलंस तर कदाचित दंड भरून सुटतील. मी तुला अमुक कर असं म्हणणार नाही. इतकी वर्षं लोकांनी तुला धर म्हटलं, हलू देऊ नको म्हटलं, गप्प राहा म्हटलं, त्यात माझी भर नको.

काका वरच्या मजल्यावर गेले होते. शेवटी गेले. खोलीतला चुना एका कोपऱ्यात ओला राहून सुटला होता, त्याखालचा डाग त्यांना दिसला. खाली येऊन माझ्या हातातलं गाठोडं घेतलं आणि स्वतः सोडायला बसले. आज मला तेवढं पुरलं.

गाडीत चढवताना सगळ्या कुत्र्या भुंकत होत्या. निरीक्षकावर नाही, पोलिसावर नाही. माना वळवून तुझ्या आईकडे बघून भुंकत होत्या. ती वर गॅलरीत उभी होती. ज्या माणसाने कैची घालायला लावली, त्याच माणसाला हाक मारत होत्या. त्यांना ओळखीचं दुसरं होतं तरी कोण? गल्लीत इतकी माणसं उभी होती आणि फक्त गाडीचं इंजिन ऐकू येत होतं. बेकरीवाल्याने तोंडावर हात धरला होता.

गाड्या गेल्या. लोक गेले. मी दुकानात येऊन ड्रम लावणार, तेवढ्यात तुझी आई जिना उतरून आली. कित्येक दिवसांनी माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल, मी गालही पुढे करायला तयार होते. किंवा रडेल. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, खोटं कशाला बोलू, घेतलं असतं.

ती शांत होती. काउंटरवर हात ठेवून म्हणाली, “बघितलंत ना, ताई? एवढी ओढाताण केली, उचललं, गाडीत कोंबलं. एक तरी ओरडली का?”

मी ड्रमच्या बटणावरचा हात काढला.

“त्यांना त्रास असता तर ओरडल्या नसत्या का?”

टोमणा नव्हता, मुंगे. नाटक नव्हतं. तिच्या डोळ्यांत मी खूप शोधलं, मला दुसरं काही सापडलं नाही. ती खरंच विचारत होती, आणि मी उत्तर द्यावं म्हणून थांबली होती. अजून थांबली आहे. तिथेच, काउंटरपाशी, स्टुलावर बसून माझ्याकडे बघतेय, आणि मी तिच्यासमोर बसून हे तुला लिहितेय.

तू ये. जबाबासाठी ये किंवा येऊ नको, ते तुझं तू बघ. पण हिला उत्तर द्यायला ये. मला एकटीला जमत नाहीये.

तुझी,
काकू